शेऱ्याचा रकाना

सहदेव शिर्के खोटं कधी बोलला नाही. तो फक्त एकदा हसला. मला विचाराल तर ते हसणंच खोटं होतं, आणि त्याची फेड करता करता बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले.

खोपोलीच्या शिळफाट्याला लडकूशेठचं वर्कशॉप होतं. छपराला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्या, पत्र्याच्या शेडी, दुकानाची शटरं, खिडक्यांच्या जाळ्या, म्हणाल ते करून मिळायचं. लडकूशेठ स्वतः वेल्डिंग करत करत मोठा झालेला. तोंडानं फटकळ, पण कामगाराच्या घरी आजारपण असलं की टेंपो काढून स्वतः दवाखान्यात नेणारा. बी.कॉम. झालेला, टायपिंग आलेला आणि कल्याणला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला सहदेव नोकरी मागायला गेला, तेव्हा शेठनं अर्जावरचं नाव वाचलं आणि खूश होऊन विचारलं, "शिर्के? आरं, आमच्या सुनंच्या माहेरचे शिर्केच हायत! मराठे. त्यांच्या भावकीतला का रं तू?"

सहदेव हसला.

झालं. माणूस हसला की समोरचा आपल्याला हवं ते धरून चालतो. शेठनं धरलं, आणि सहदेवनं धरू दिलं. त्याला नोकरी हवी होती हो! खोपोलीच्या दोन-तीन कारखान्यांत आडनावानंतर गाव, गावानंतर आळी, आणि आळीनंतर "कळवतो" असं त्याचं झालं होतं. अर्जावर त्यानं कर्जतजवळच्या आपल्या गावचं, दहिवलीचं, घर घातलंच नाही, खोपोलीच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता घातला.

दहिवलीत त्याचे वडील होते. सोमा शिर्के, रेल्वेतले गँगमन. घाटाच्या लायनीवर खडी भरण्यात सगळी नोकरी गेली. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा नवं लग्न झालेलं होतं. घरातले देव उल्हास नदीत सोडून आले आणि बायकोला, चंद्रभागेला, म्हणाले, "आपल्या पोराला कुनापुडं मान खाली घालाया लागनार नाय." असा हा माणूस. पोरगं त्यांना आबा म्हणायचं.

आणि पोरानं नोकरी लागल्यावर आबांना काय सांगावं? "आबा, शेठला ओळखपाळख आवडत नाय. कुणी आलात तर माझं नाव नका काढू." आबांनी "बरं" म्हटलं. पुढं काही विचारलं नाही. रुळावर आयुष्य काढलेल्या माणसाला न बोललेलं पण ऐकू येतं.

अठ्ठ्याऐंशी साली लडकूशेठनं कॉम्प्युटर आणला. काय तो थाट! काचेची केबिन, गार हवेची मशीन, दाराशी पाटी: चपला बाहेर काढाव्यात. दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडूची माळ. त्यावर दोन प्रोग्रॅम होते. एक दर काढायचा. पत्र्याचं माप, कैचीचं वजन, मजुरी टाकली की हिशेब होऊन कोटेशन छापून येई. दुसरा गिऱ्हाइकांचा. त्यात एकेकाचं कार्ड असायचं: नाव, पत्ता, तालुका आणि सगळ्यात शेवटी शेरा. दर काढायच्या प्रोग्रॅमनं गिऱ्हाइकांच्या प्रोग्रॅममधून नाव-पत्ता आपणहून उचलावा आणि कोटेशनवर छापावा, असं दादरच्या ज्या मुलानं ते बसवून दिलं त्यानं ठरवलेलं होतं.

शेऱ्याचा रकाना हा शेठचा लाडका. गिऱ्हाईक पायऱ्या उतरलं की शेठ खुर्चीत रेलायचे आणि सांगायचे, "लिव रं, सहदेव." कॉम्प्युटरला मराठी लिपी कुठली यायला, म्हणून सहदेव मराठीच वाक्य इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा. "बोलतो फार, घेत नाही." "चहा पाजला की ऐकतो." कर्जतच्या भातगिरणीच्या धाकलूशेठपुढे होतं, "सगळं बायको ठरवते, तिच्याशीच बोलावे." दोघं खो खो हसायचे. हे सगळं आतल्या आत. बाहेर कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

शिमगा झाला आणि एके दिवशी सकाळी काचेच्या दाराशी दोन माणसं चपला काढताना दिसली. एक आबा होते. दुसरे चंदर गुरुजी, ज्यांनी त्याला बाराखडी शिकवली होती. दहिवलीच्या विहारावर छप्पर घालायचं ठरलं होतं, वैशाख पौर्णिमेच्या आत. कमिटी दोन-तीन ठिकाणची कोटेशनं मागवत होती.

"जय भीम, शेठ," गुरुजी मोकळ्या आवाजात म्हणाले.

"या, या," लडकूशेठ म्हणाले. चांगलं बोलले हो, पाणी मागवलं, माप विचारलं. केबिनमध्ये खुर्ची एकच होती, ती गुरुजींना मिळाली. आबा सहदेवच्या टेबलापुढे उभे राहिले. अनवाणी, हातात टोपी. सहदेवची नजर स्क्रीनवरून हलेना. गुरुजींनी ओळख दाखवली नाही, आबांनी वाटेत बजावलं असणार; पण त्याच्याकडे असे बघत होते की त्याचा कान तापला.

मापं लिहून झाली. आबांनी खाली वाकून हळूच विचारलं, "सायेब, कागुद कदी मिळंल?"

स्वतःच्या बापानं साहेब म्हटलं! पोराची अडचण होऊ नये म्हणून म्हटलं. आणि हा पठ्ठ्या बसल्या जागेवरून, मान वर न करता म्हणतो, "पोस्टानं येईल."

ते दोघं गेले. शेठ खुर्चीत रेलले. "लिव रं. त्यांच्यातले हायत. आगाऊ पैसं घेतल्याबिगर हात लावू नये."

सहदेवनं टाइप केलं. बोटं अडखळलीसुद्धा नाहीत, आणि तेच त्याला पुढं सगळ्यात जास्त लागलं. एखादं अक्षर तरी चुकायला हवं होतं की नाही?

आता इथवर नुसता अपराध होता, तो चव्हाट्यावर आणला कॉम्प्युटरनं. म्हणजे कॉम्प्युटरनं कसला, सहदेवनंच. झालं असं की त्या दिवसांत कोटेशनं पोस्टातून परत यायला लागली. पत्ता अपुरा! दादरच्या त्या मुलानं गिऱ्हाइकाच्या कार्डात पत्त्याचे रकाने पाडले होते ते मुंबईचे: इमारत, रस्ता, शहर. आमच्याकडे इमारत कुठली आणि रस्ता कुठला? आमच्याकडे मुक्काम एक असतो आणि पोस्ट दुसरं असतं. मुक्काम लिहिला नाही तर पोस्टमननं पाकीट कुठल्या झाडाला बांधायचं? भिवपुरीच्या माणसाचं कोटेशन कर्जत तालुकाभर फिरून परत आलं. लडकूशेठ भडकले. "येवढं पैसं घातलं आनि ह्याला गाव कळंना व्हय?"

दादरला फोन लावला तर तो मुलगा म्हणे, "सगळं बरोबर आहे, तुमचे पत्तेच विचित्र आहेत." घ्या!

मग सहदेवनं बाह्या सरसावल्या. गिऱ्हाइकांच्या प्रोग्रॅममध्ये मुक्कामाचा नवा रकाना पाडला. नवा रकाना जाऊन बसला सगळ्यात शेवटी, शेऱ्याच्याही पुढे. तरी कोटेशनवर मुक्काम उमटेना. कधी नुसतं नाव यायचं, कधी पत्त्याच्या जागी तालुका. शोधता शोधता त्याला कळलं की दर काढायचा प्रोग्रॅम रकान्यांची नावं बघतच नाही. पहिल्यापासून मोजून काही रकाने उचलतो आणि थांबतो. मग सोपं होतं. थांबू नकोस, शेवटपर्यंत जा, असं त्यानं प्रोग्रॅमला सांगितलं.

शेवटपर्यंत जाताना वाटेत शेरा लागतो, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. कारण पडताळा घ्यायला त्यानं एक कार्ड बनवलं ते स्वतःच्या नावाचं. सहदेव शिर्के, मुक्काम शिळफाटा, पोस्ट खोपोली. कोटेशन कसं झकास छापून आलं! नाव, पत्ता, तालुका, मुक्काम, जिथल्या तिथं. शेरा नव्हताच. स्वतःच्या नावापुढे शेरा कोण लिहितो?

त्यानं शेठला हाक मारली, शेठनं पाठ थोपटली. साठलेली सगळी कोटेशनं प्रिंटरमधून करकरत निघाली. शेठनं न वाचता सह्या ठोकल्या, सहदेवनं न वाचता घड्या घातल्या आणि पाकिटं पोस्टात गेली. त्या संध्याकाळी तो शिळफाट्याच्या नाक्यावर भजी खात होता आणि आपल्यासारखा हुशार कोणी नाही असं त्याला वाटत होतं.

दोन-तीन दिवसांनी भातगिरणीचे धाकलूशेठ आले. चपला न काढता थेट केबिनमध्ये. चेहरा लालबुंद. कोटेशन टेबलावर आपटलं. "लडकू, हे काय रं लिवलंय? सगळं बायको ठरवते? आनि पाकीट फोडलं कुनी म्हाईत हाय? बायकोनंच! सकाळपासून मला म्हनतीय, बघा, शिळफाट्याला पन ठाव हाय!"

लडकूशेठला हसावं की रडावं कळेना. शेवटी हसले. धाकलूशेठही हसले, चहा प्याले, शटरची ऑर्डर देऊन गेले. सहदेव मात्र हसला नाही. त्यानं तो कागद उचलून पाहिला. धाकलूशेठच्या कागदावर तालुका आणि मुक्काम यांच्या मधोमध शेरा उमटला होता. म्हणजे सगळ्यांच्याच कागदावर उमटला असणार. म्हणजे दहिवलीच्या.

"शेठ, मला जरा जायला हवं," तो म्हणाला.

"आता आनि कुटं? ह्ये निस्तार आदी!"

"तेच निस्तरायला चाललोय."

खोपोलीहून सुटणारी गाडी त्याला मिळाली. कर्जतला उतरून तो दहिवलीकडे जवळजवळ पळतच निघाला. पाकीट अजून फोडलं नसलं तर? पोस्टमन आज आलाच नसला तर? कुणाला तरी साकडं घालावं तर घरात देवही नव्हते. एकच गोष्ट त्याला हवी होती: आबांच्या डोळ्यांखालून तो कागद जाऊ नये. बाकी नोकरी राहो न राहो.

ऊन कलतं झालं होतं. विहाराच्या जोत्यावर सतरंजी टाकून कमिटी बसली होती. पाकिटं सगळ्यांसमक्ष फोडायची, असा तिथला रिवाज, म्हणजे उद्या कुणी कुणाकडे बोट दाखवू नये. नेरळच्या माणसाचं फोडून झालं होतं. शिळफाट्याचं आबांच्या हातात होतं, बंद.

"आला बग माजा सहदेव!" आबांचा चेहरा उजळला. इथं ते त्याला सायेब म्हणणार नव्हते. "बरं झालं आलास. इंग्रजी हाय. तूच वाच."

नशीब बघा! ज्यानं लिहिलं त्यालाच वाचायला बसवलं. सहदेवनं पाकीट फोडलं. शेरा तिथं होता. मोठ्या अक्षरांत, अगदी सरळ ओळीत, कुठं म्हणून फिकट नाही. त्यानं घसा खाकरला आणि वाचलं. समितीचं नाव वाचलं, तालुका वाचला, मधली ओळ गिळली, मुक्काम दहिवली वाचला. मग पत्रे, कैच्या, मजुरी, रक्कम. रक्कम नेरळवाल्यापेक्षा कमी होती.

सतरंजीवर एकदम आनंद झाला. कमिटीतले पांडूकाका म्हणाले, "सोमा, तुज्या पोराच्याच कंपनीचा दर बसला की रं!" आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. एवढे खूश ते सहदेवच्या बी.कॉम.च्या निकालालाही झाले नव्हते.

"दे बघू इकडं," चंदर गुरुजी म्हणाले.

सहदेवनं कागद सोडला नाही. गुरुजींनी हात पुढे तसाच ठेवला. शाळेत कुणी पाटी लपवली की ते असाच हात पुढे ठेवून थांबायचे. सहदेवनं कागद दिला. गुरुजींनी वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. आता ते ओरडणार, मोठ्यानं वाचणार, असं सहदेवला वाटलं. खरं सांगायचं तर ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद आबांकडे सरकवला. "सोमा, स्टेशनच्या पाट्या वाचतोस ना तू? ही ओळ वाच."

आबांना इंग्रजी भाषा येत नव्हती, पण अक्षरं येत होती. ते ओठ हलवत एकेक अक्षर जोडायला लागले. बाकीची मंडळी चहाच्या गडबडीत होती. सहदेव आबांचे ओठ बघत होता. त्या ओठांवर पहिला शब्द जुळताना त्याला दिसला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसंच त्याला वाटलं. विहाराचं जोतं मात्र चांगलं भक्कम होतं.

आबांनी वर बघितलं. "यंत्र चुकलं आसंल," ते म्हणाले. विचारलं नाही, पोराला वाट करून दिली.

"हो," सहदेव म्हणाला. "यंत्रच चुकलं."

आबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि मंडळींना म्हणाले, "माजं ऐका, घाई नको. ह्यांचं यंत्र नवं हाय, चुकतंय. उंद्या दर वाडला तर पंचाईत. जरा दमानं ठरवू." मंडळींनी माना डोलावल्या. गुरुजी उठून चपला घालून निघून गेले, सहदेवकडे न बघता.

घरी आईनं भाकरी वाढली, बोंबलाची चटणी वाढली. आबा नेहमीसारखं बोलले, भाताच्या बियाण्याचं, शेजारच्या म्हशीचं. कागदाचा विषयच नाही. सहदेव भाकरीचे नुसते तुकडे करत राहिला. शिव्या घाला हो! एक कानाखाली वाजवा! पण नाही, आबा त्याला अजून सांभाळत होते, आणि त्यांनी सांभाळावं याचीच त्याला इतकी लाज वाटत होती की त्याला त्या घरात बसवेना.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि काचेचं दार लावून लडकूशेठपुढे उभा राहिला. "शेठ, दहिवलीचे दोघं आले होते. उभे होते ते माझे वडील."

लडकूशेठला आधी उमगलं नाही. मग उमगलं. ते खुर्चीत सावरून बसले. "आरं मग तवाच बोलला का नाय?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा मी हसलो होतो."

शेठनं टेबलावरचा पेन इकडून तिकडे केला. मग मनापासून, अगदी मायेनं म्हणाले, "सोड रं. तुजं येगळं हाय. तू आपल्यातला."

"नाही शेठ," सहदेव म्हणाला. "मी त्यांच्यातलाच."

त्या केबिनमध्ये गार हवा होती, तरी लडकूशेठनं रुमालानं मान पुसली. नोकरीवरून काढलं नाही त्यांनी, आणि माफीही मागितली नाही. एवढंच म्हणाले, "त्यांच्याकडनं आगाऊ घेऊ नको," आणि वर्कशॉपात जाऊन उगाच कुणावर तरी खेकसले.

दुरुस्ती सोपी होती. मुक्कामाचा रकाना उचलून शेऱ्याच्या अलीकडे आणायचा आणि मोजणी तिथंच थांबवायची. पुन्हा कधी शेरा बाहेर गेला नसता. पण ती करण्याआधी एक कोटेशन सहदेवनं जुन्याच चुकीनं छापलं, दहिवलीचं. विहाराच्या कार्डावरचा शेरा पुसला आणि दुसरा लिहिला. लडकूशेठनं या खेपेला कागद वाचला. त्या ओळीवर थोडे थांबले आणि सही केली.

पाकीट पोस्टात न टाकता सहदेव स्वतः घेऊन गेला. आबा ओट्यावर विळ्याला धार लावत बसले होते. चष्मा नाकावर आणून त्यांनी कागद धरला, रक्कम बघितली नाही, सरळ मधल्या ओळीवर बोट ठेवलं आणि जोडायला लागले. माझे. वडील.

दोनदा वाचलं. मग घडी घातली आणि खिशात ठेवली. त्या खिशात आधीचाही कागद तसाच होता, सहदेवला त्याचा कोपरा दिसला.

"आता यंत्र नीट चालतंय वाटतं," आबा म्हणाले.

"आबा, यंत्र आधीपण नीटच होतं. ते मीच लिवलं होतं. शेठनं सांगितलं आनि मी लिवलं."

"म्हाईत हाय," आबा म्हणाले. विळ्यावर हात फिरवत राहिले. "पोटासाटी लिवलंस. नोकरीत सांगत्यात ते लिवावं लागतं. त्याचं मला काय नाय."

सहदेवच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं होतं. तेवढ्यात आबांनी विळा बाजूला ठेवला.

"पन त्या दिशी मी पुड्यात आलो तवा उटून उबा का नाय ऱ्हायलास रं?" ते म्हणाले. "उबं ऱ्हायला तर कुनी सांगितलं नव्हतं, आनि नको म्हनून बी कुनी सांगितलं नव्हतं."

सहदेव ओट्यापुढे उभा होता, आणि आबांनी त्याला बस म्हटलं नाही.